न वितळता सांधलेलं ॲल्युमिनियम: कोल्हापूरचे अकरा दिवस

सम्यक आणि मैत्रेयी,

कोल्हापूरला जाऊन काय पाहिलंस, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी "ॲल्युमिनियम" म्हटल्यावर दोघंही खो खो हसलात. तुमच्या आईला वाटलं, लाइन खराब आहे. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. कोल्हापूरला जाणारी माणसं देऊळ पाहतात, तलाव पाहतात आणि चपला आणतात. मीही ते सगळं केलं; तुमच्या मापाच्या चपला याच पार्सलात आहेत. पण २००६च्या फेब्रुवारीतल्या त्या अकरा दिवसांत मला जे खरोखर पाहायला मिळालं, ते एका मिलिंग मशीनच्या टेबलावर आणि एका सूक्ष्मदर्शकाखाली होतं.

राजारामपुरी

नागपूरहून कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की तो संपला. स्टेशनवर सुजाता आली होती. सुजाता म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तुमची मावशी. लग्नानंतर ती इकडे आली आणि तंत्रनिकेतनात शिकवू लागली. नवरा गडहिंग्लजच्या बँकेत, आठवड्याने घरी येतो. चाळिशीला टेकल्यावर तिने नोकरी सांभाळून एम. ई.ला नाव घातलं. तीन वर्षं झाली होती. प्रबंध द्यायची मुदत दोनदा वाढवून घेतली होती, आता तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. मी बुधवारी पोचले, आणि पुढच्या आठवड्याच्या शनिवारी प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द, अशी परिस्थिती होती.

"आत्या, तू फक्त माझं इंग्रजी नीट कर," ती रिक्षात म्हणाली. "बाकीचं मी करते."

रिक्षावाल्याने मान मागे वळवली. "पावणं नागपूरचं व्हय? मग तिखट खातासा न्हवं?"

"खाते की," मी म्हटलं.

"न्हाय, खातो म्हणत्यात समदी. मग पानी पानी करत्यात."

आमच्याकडे अनोळखी माणसाशी असं कुणी बोलत नाही. आधी दहा मिनिटं हवापाण्यावर जातात. इथली माणसं प्रेमाने बोलली तरी भांडल्यासारखी वाटतात. खरोखर भांडली तर काय होतं, ते पाहायची वेळ माझ्यावर आली नाही. तिखटाच्या बाबतीत मात्र रिक्षावाल्याचं काही चाललं नाही. रविवारी सुजाताने तांबडा रस्सा केला, तो मी दोन वाट्या प्याले. आपल्या सावजी रश्श्यात मसाला अंगावर येतो. इथे तो आधी गोड बोलून घरात शिरतो आणि मग बसतो. पांढरा रस्सा मला जास्त आवडला.

रात्रीची झोप काढून गुरुवारी सकाळी मी प्रबंध उघडला. विषय समजल्याशिवाय मी कुणाचं इंग्रजी तपासत नाही, हे तुमच्या आईला विचारा. तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी हे माझ्यासाठी नवं होतं.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या पट्ट्या नेहमीसारख्या वितळवून जोडल्या तर सांध्यात बुडबुडे राहतात, तडे जातात. म्हणून नव्वदच्या दशकात एक नवी रीत निघाली: वितळवायचंच नाही. दोन पट्ट्या काठाला काठ लावून घट्ट आवळायच्या. कठीण पोलादाचं एक हत्यार घ्यायचं. त्याला रुंद खांदा आणि खांद्याखाली एक छोटी खुंटी. ते गरगर फिरवत सांध्यात उतरवायचं आणि सांध्याच्या रेषेवरून हळूहळू पुढे न्यायचं. घासण्याने धातू तापून मऊ होतो, पण पातळ होत नाही. खुंटी दोन्हीकडचा धातू एकमेकांत मळते. याला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. हत्यार कमी-जास्त वेगाने फिरवलं तर आतल्या कणांच्या रचनेत काय फरक पडतो, हा सुजाताचा प्रश्न. तिने पाच वेग ठरवले होते, पाच वेगांचे पाच जोड. चार झाले होते, पाचवा त्याच दुपारी व्हायचा होता.

"मी येते बघायला," मी म्हटलं.

"आत्या, तिथे बसायलासुद्धा जागा नाही."

"मी उभी राहीन."

उद्यमनगर

उद्यमनगरातल्या त्या गल्लीत प्रत्येक दारातून लोखंडाचा वास येत होता. एका दारात इंजिनाचे भाग, पुढच्या दारात पंपाचे, त्याच्या पुढे ओतीव लोखंडाच्या गरम राशी. पाट्या छोट्या, कामं मोठी. भूपाल आण्णांचं वर्कशॉप तीन मशीनचं. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, निळा शर्ट, आणि हात असे की बोटांच्या रेषांत तेल कायमचं मुरलेलं. घराणं शेतकरी जैन. गावाकडे ऊस आहे, तो भाऊ बघतो. यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी लेथ धरली. सुजाताच्या कामाला लागेल एवढं दणकट उभं मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या पात्याने धातू तासणारं यंत्र, त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी तिच्यासाठी दर गुरुवारी दुपारी मोकळं ठेवलं होतं.

मी सवयीने "जय भीम" म्हटलं. ते हात जोडून "जय जिनेंद्र" म्हणाले. मग दोघंही हसलो.

"बसा आक्का," म्हणून त्यांनी एक स्टूल फडक्याने पुसून दिलं. मी बसले. त्या फडक्यात स्टुलापेक्षा जास्त तेल होतं, हे मला घरी गेल्यावर कळलं. माझ्या फिकट साडीवर मागे ताटलीएवढा काळा गोल उमटला होता, आणि तो मिरवत मी भाजी बाजारातून चालत आले होते.

आण्णांनी पट्ट्या आवळल्या, मशीन सुरू केलं, फिरतं हत्यार खाली आणलं. मी ठिणग्यांच्या अपेक्षेने दोन पावलं मागे सरले. काही नाही. ठिणगी नाही, धूर नाही, डोळे दिपवणारा उजेड नाही. खुंटी धातूत शिरली, खांदा टेकला आणि त्याच्या कडेने ॲल्युमिनियमची एक पातळ झालर वर आली. मग टेबल सरकू लागलं. हत्यार गेलं तिथे मागे चंद्रकोरींची ओळ उरली, एकीत एक अडकलेली. चार मिनिटांत दोन पट्ट्यांची एक पट्टी झाली.

"ह्येला वेल्डिंग म्हणत्यात बगा," आण्णा म्हणाले. "पयल्यांदा मॅडमनी सांगितलं तवा मी हसलोतो. वेल्डिंग म्हंजे ठिणगी उडाय पायजे की! ह्ये तर ताक घुसळल्यागत."

"पण जोड पक्का असतो, आण्णा," सुजाता म्हणाली.

"आसंल. पर दिसाय वंगाळ दिसतंय. ही झालर, ह्यो वरवंडा... आमच्या दुकानातनं असला जॉब भायेर जात न्हाय."

सुजाताने पाचव्या पट्टीवर मार्कर पेनाने '५' लिहिलं. पट्टी गार व्हायची होती, म्हणून पाचही जोड तिथेच ठेवले. सोमवारी नेतो म्हणालो. आण्णांच्या बोलण्याकडे आम्ही दोघींनीही लक्ष दिलं नाही.

सोमवार

सोमवारी सकाळी आण्णांनी आम्हाला वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा दिला आणि गठ्ठा सोडेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले, एखादी ओवाळणी दिल्यासारखे.

पाच पट्ट्या निघाल्या. आरशासारख्या. झालर नाही, चंद्रकोरी नाहीत. दोन्ही बाजूंनी मशीनचा एक हलका हात फिरवून, कडा कानशीने घासून, रॉकेलने पुसून लख्ख केलेल्या. सांधा कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नव्हतं. आणि मार्करचे आकडेही नव्हते.

"रविवार घालवला बगा," आण्णा म्हणाले. "मॅडमच्या परीक्षेचं काम. मोठी मोठी सायबं बगनार. म्हटलं, भूपालच्या हातचा जॉब हाय, नाव जायाला नगो."

 सुजाताने पाचही पट्ट्या एकदा सरळ, एकदा उलट करून पाहिल्या. मग "छान झाल्यात आण्णा," म्हणाली आणि गठ्ठा पुन्हा बांधला. रस्त्यावर आल्यावर तिने माझा दंड धरला.

"आत्या, कुठली कुठल्या वेगाची, काही कळणार नाही. एकही."

ती आण्णांवर का ओरडली नाही, असं मी विचारलं.

"काय म्हणू त्यांना? चाळीस वर्षं अपुरं काम हातातून सोडलं नाही, हा त्यांचा गुन्हा? आकडे मार्करने लिहिणारी मी. वर्गात मी पोरांना सांगते, जॉबवर पंचाने ठोकून नंबर घाला."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत

तिथून आम्ही थेट तिच्या एम. ई.च्या कॉलेजात गेलो. तिला एक वाट सुचली होती. दोन पट्ट्यांचे तिने आडवे पातळ काप काढले, घासून घासून गुळगुळीत केले, क्षणभर आम्लात बुडवून धुतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

मुलांनो, आता नीट वाचा, कारण असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

धातू म्हणजे एकसंध लादी नसते. ती दाण्यांची असते. मूळ पट्टीत हे दाणे लांबट दिसतात, बासमती भातासारखे, कारण ती लाटून केलेली असते. काप थोडा सरकवला की त्या भाताला वारा लागल्यासारखं होतं: दाणे एका बाजूला वाकलेले, ताणलेले. आणि आणखी सरकवलं की एकदम बारीक रवा. हा मधला, मळलेला भाग. उष्णता आणि रेटा यांनी जुने दाणे मोडून तिथे नवे, छोटे, सारखे दाणे तयार झालेले असतात. एका कडेला भात आणि रवा यांची सीमा सुरीने कापल्यासारखी, दुसऱ्या कडेला धूसर. दोन बोटं रुंदीच्या जागेत इतकी घडामोड, आणि हे सगळं एक थेंबही न वितळता.

दुसऱ्या कापातला रवा जरा जाडसर होता.

"हा जास्त वेगाचा असणार," सुजाता म्हणाली.

मला उलट वाटलं होतं. मिक्सर जास्त फिरवला की वाटण बारीक होतं.

"नाही आत्या. जास्त फिरलं की जास्त तापतं. नवे दाणे तयार होतात, पण उष्णता टिकली की ते पुन्हा वाढतात. म्हणून जाड." बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "म्हणजे उरलेले तीन कापून दाणे मोजले की बारीक ते जाड असा क्रम लागेल. त्याच क्रमाने एक ते पाच नंबर टाकते. सुटलं!"

मीही सुटकेचा श्वास टाकला. पुढच्या टेबलावर तिच्या प्रबंधाचं बाड होतं. शेवटच्या प्रकरणातलं, मोजणीआधीच लिहून ठेवलेलं वाक्य मी आदल्या दिवशीच तपासलं होतं: वेग वाढवला की दाण्यांचा आकार वाढतो, असं या प्रयोगात आढळलं. ते मी पुन्हा वाचलं आणि बोट त्याच ओळीवर ठेवलं.

"सुजा, दाण्यांवरून वेग ठरवायचा, आणि मग लिहायचं की वेगावरून दाणे ठरतात?"

तिने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली.

"मला उलटं वाटत होतं," मी म्हटलं. "माझ्या समजुतीप्रमाणे नंबर टाकले असते तर प्रयोगाने माझंही म्हणणं सिद्ध केलं असतं. मग त्याने सांगितलं काय?"

"आत्या, मला माहीत आहे हेच खरं आहे. जगभर हेच आढळलंय."

"असेल. पण तू पाहिलेलं नाहीस."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, मी इंग्रजी तपासायला आले होते, कशाला तोंड उघडलं? शनिवारपर्यंत पाच दिवस होते. तिची तीन वर्षं होती. माझं काय जात होतं?

"सहा पट्ट्या उरल्यात," ती खिडकीकडे पाहतच म्हणाली. "तीन जोड होतील. एकही बिघडला तर दुसरा नाही. आणि मार्गदर्शक सर तीनवर समाधान मानतील की नाही, कोण जाणे."

पुन्हा उद्यमनगर

मंगळवारी आण्णांना सांगणं भाग होतं. सुजाताने सांगितलं, तेही दोष स्वतःवर घेऊन. आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हंजे मी पुसलं ते?"

"मीच पक्कं लिहायला हवं होतं, आण्णा."

"मला गप गुंडाळू नगासा मॅडम. पुसलं न्हवं मी? सरळ बोला की!"

"पुसलंत," सुजाता म्हणाली.

"हां. आता कसं!" त्यांनी भिंतीवरच्या कामांच्या पाटीकडे पाहिलं आणि बुधवारच्या रकान्यातली दोन कामं खडूने खोडली. "उद्या सकाळी या. दिवसभर मशीन तुमचं. आन् आक्का, तुमी त्या स्टुलावर बसू नगासा. माझ्या मंडळींनी मला लई झापलं. तुमची साडी भाजी बाजारात तिनं बगितली."

बुधवारी तीन जोड झाले: एक मंद वेगाचा, एक मधला, एक जलद. या वेळी वेल्ड करण्याआधीच सुजाताने पंचाने ठोकून आकडे घातले, बाण घातले. आण्णांना ते पाहवत नव्हतं. तिसरा जोड निघाला तेव्हा त्याच्या कडेला चांगली बोटभर झालर लोंबत होती. त्यांचा हात आपोआप कानशीकडे गेला.

"आण्णा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"हात लावला न्हाय! बगतोय नुसतं!" त्यांनी कानस खणात टाकली, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "संध्याकाळी जाताना द्या."

जेवायला त्यांनी घरी नेलं. सूर्य मावळायच्या आत त्यांच्याकडे सगळ्यांची जेवणं आटोपतात. मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. आमच्या घरी रात्री नऊला पोळ्या लाटायला घेतात, त्यामुळे साडेपाचला मला भूक कुठून लागणार? पण शाळूची भाकरी, मुगाची उसळ, घट्ट दही आणि शेवटी गुऱ्हाळातून आलेली ताजी काकवी समोर आल्यावर घड्याळ विसरले. आण्णांच्या पत्नीने मला दुसऱ्यांदा वाढताना विचारलं नाही. इथे विचारत नाहीत, वाढतात.

बोगदा

गुरुवारी आणि शुक्रवारी काप, घासणं, आम्ल, मोजणी. शुक्रवारी दुपारी आण्णाही प्रयोगशाळेत आले. धुतलेला शर्ट, नवी टोपी. आपल्या हातचं काम आतून कसं दिसतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मधल्या आणि जलद वेगाचे जोड उत्तम निघाले. जलद वेगाचा रवा खरोखरच जाड होता. या वेळी पट्टीवरचा आकडा आम्ही आधी वाचला होता. ताणून तोडायच्या यंत्रात दोन्ही घातले. दोन्ही तुटले, पण सांध्यात नाही, सांध्याच्या शेजारी.

"जोड ऱ्हायला, शेजार तुटला," आण्णा खूश होऊन म्हणाले. "तिथं काय झालतं?"

तिथे दाणे मूळ पट्टीसारखेच दिसतात, सुजाताने समजावलं. पण जवळून गेलेल्या उष्णतेने त्यांच्यातले बळ देणारे अतिबारीक कण फुगून विरळ होतात आणि धातू नरम पडतो. या सूक्ष्मदर्शकात ते दिसत नाही. ताण दिल्यावरच कळतं.

मग मंद वेगाचा. दाणे सगळ्यांत बारीक, पाहत राहावे असे. पण सुजाता काप सरकवत गेली आणि थांबली. तळाजवळ एका कडेला काळा डाग होता. डाग नव्हे, पोकळी. धातू पुरेसा तापला नव्हता म्हणून खुंटीमागची जागा भरूनच आली नव्हती. अशी पोकळी सांध्याच्या लांबीभर आतून जाते, तिला बोगदाच म्हणतात. यंत्रात हा जोड मधोमध आणि निम्म्या ताणात तुटला.

"गेला," सुजाता खुर्चीत बसली. "तीनातला एक गेला."

आण्णा सूक्ष्मदर्शकापाशी गेले. एक डोळा मिटून त्यांनी इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, त्यांना काही दिसत नाहीये.

"वरनं झ्याक होता ओ ह्यो," ते हळू आवाजात म्हणाले. अकरा दिवसांत त्यांचा हळू आवाज मी तेवढाच ऐकला. "मी घासून दिला असता तर ह्योच समद्यात भारी दिसला असता." मग सुजाताकडे वळून नेहमीच्या आवाजात, "गेला कसा म्हणतासा? घावला म्हणा की! बारीक दाणा हाय आन् तरीबी तुटला. ह्ये तुमच्या पुस्तकात हाय काय?"

सुजाता उठली. "नाही," ती म्हणाली. "मी फक्त दाणेच मोजणार होते."

शनिवार

शुक्रवारी संध्याकाळी तिने शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं आणि मी मागे बसून वाक्यं तपासत गेले. पाचाचे तीन का झाले, तो परिच्छेद तिने आधी असा लिहिला होता की काही तांत्रिक कारणांनी पहिले नमुने वापरता आले नाहीत. मी पेन्सिल उचलायच्या आधीच तिने तो खोडला आणि लिहिलं की नमुन्यांवर कायमच्या खुणा करायची काळजी लेखिकेने घेतली नाही. त्या वाक्याला मी हात लावला नाही.

शनिवारी अकरा वाजता तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत आम्ही बसलो. सर न हसणारे होते. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला.

"तीनच?"

"तीनच, सर."

"आणि त्यातला एक सदोष."

"हो, सर."

त्यांनी बोगद्याचा फोटो उजेडात धरला. "पहिल्या पाचांत मंद वेगाचा होता. त्यातही हे असणार?"

"माहीत नाही, सर. दोनच काप पाहिले होते, आणि ते कुठल्या वेगाचे तेही मला सांगता येणार नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "बाहेरचे परीक्षक नेमके याच पानावर बोट ठेवतील," सही करता करता ते म्हणाले. "त्यांना हेच उत्तर द्या. शब्द बदलू नका. आणि हा फोटो आहे तसाच ठेवा."

बाहेर व्हरांड्यात येऊन सुजाताने आण्णांना मोबाइल लावला. पलीकडचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू येत होता.

"पास काय?"

"सही झाली आण्णा. तोंडी परीक्षा अजून आहे."

"त्ये ऱ्हाऊ द्या. बोगद्याला काय म्हणालं सायब?"

"ठेवा म्हणाले. तसाच."

पलीकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मग आण्णांनी फोन तोंडापासून दूर न नेताच शेजारच्या दुकानाला हाक मारली, आणि ती व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकली: "आरं ए! आपला बोगदा पास झाला की रं!"